आम्ही भाजतो, तुम्ही उकडता

परवा दादाचा फोन आला. मार्च संपत आला की हा फोन येतोच, त्यामुळे मी तयारीत होतो. सुरुवात नेहमीची. "काय रे, तापलं का तिकडे?" मी म्हटलं, तापलं, ३९ आहे. पलीकडून मोठा सुस्कारा. मागून वहिनींचा आवाज, "आईंना नवतप्याच्या आत इकडे आणा म्हणावं." इथपर्यंत दरवर्षीचंच. या वर्षी मात्र त्याला शेपूट होतं. "हे बघ, तिला आता तिथलं ऊन सोसवणार नाही. घराला गिऱ्हाईक आलंय तर ठरवून टाकू एकदाचं. इथे समुद्राची हवा आहे, सवय झाली की तिला बरंच वाटेल."

समुद्राची हवा!

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. फोनवर त्याच्यापुढे माझी जीभ अजूनही टाळ्याला चिकटते. लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहितोय. दादा, वहिनी, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे. पुण्याची मावशी वाचते आणि वाचून तुम्हाला लगेच फोन लावते हेही ठाऊक आहे. तर सगळ्यांनी एकदाच नीट वाचा, म्हणजे मला चार वेळा सांगायला नको.

बाकीच्यांसाठी थोडी माहिती. भिवापूर म्हणजे नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे निघालात की साधारण ७५ किलोमीटरवर लागणारं तालुक्याचं गाव. मिरचीचं गाव. आमच्या भिवापुरी मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं (मिळालं तोवर खरी भिवापुरी लावणारे थोडेच उरले होते, पण तो वेगळा विषय). १९९६ साली मी इथून मुंबईला गेलो. तेव्हा छोट्या लाईनची गाडी होती, ती रमतगमत इतवारीला न्यायची. २०१९ साली ती बंद झाली, रूळ मोठे करायला. नागपूरहून पुढे विदर्भ एक्सप्रेस आणि सकाळी दादर. परत आलो २०२३ च्या फेब्रुवारीत. म्हणजे २७ वर्षं मी समुद्राची हवा खाल्ली आहे, आणि त्याआधी आणि त्यानंतर भिवापूरची. दोन्ही हवा खाल्लेला आमच्या घरात दुसरा माणूस दादाच, पण तो हल्ली इथे दिवाळीतच येतो, त्यामुळे त्याचं मत बाद धरायला हरकत नाही. :)

आता मुद्दा. मुंबईचा माणूस घराबाहेर पडला की म्हणतो, "काय उकडतंय!" विदर्भात भर मे महिन्यात हा शब्द क्वचित ऐकू येईल. इथे म्हणतात, "ऊन तपून राहिलं." उकडणं आमच्याकडे येतं ते पहिल्या पावसानंतर, ऊन आणि ओल एकत्र आली की. शब्द वेगळे आहेत कारण गोष्टी वेगळ्या आहेत. बटाटा निखाऱ्यावर टाकला तर भाजतो, पाण्यात घालून झाकण ठेवलं तर उकडतो. आम्ही भाजतो, तुम्ही उकडता. आणि भाजणाऱ्याला एक सोय असते, तो निखाऱ्यापासून बाजूला सरकू शकतो. इथे एकच्या उन्हातून कडुनिंबाखाली आलं की जिवात जीव येतो. मुंबईत उन्हातून सावलीत आलं की फक्त अंधार होतो. घाम तोच.

हे कवित्व नाही. शाळेत विज्ञानाच्या सरांनी दोन तापमापक दाखवले होते आठवतं? एक साधा आणि एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली येतो. माणूस म्हणजे घामाने भिजलेलं फडकंच की. तर इथे मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंश असतील आणि दमटपणा १५ टक्के, तर ओल्या फडक्याचा पारा २४ च्या आसपास थांबतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के धरा (हे काही फार वाईट दिवसाचे आकडे नाहीत), तर तो २८ च्या वर जातो. हा पारा ३५ ला पोहोचला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या काही तासांत दगावू शकतो, कारण घाम येतो पण उडत नाही. बातम्यांत मात्र पहिल्याच तापमापकाचा आकडा येतो. त्यामुळे नागपूर म्हणजे भट्टी आणि मुंबई म्हणजे सुखद, असं पक्कं झालंय.

आमचा कूलर याच हिशेबावर चालतो. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाणी, एक पंप, एक पंखा. दुपारच्या खोलीत दहा-बारा अंशांचा फरक पाडतो आणि वीज पंख्याहून थोडीच जास्त खातो. दादाने २००९ साली हौसेने असा कूलर नागपूरहून पार्सल करून कांदिवलीला नेला होता. दादा, आठवतंय ना? दोन दिवसांत उशा ओल्या, वर्तमानपत्र ओलं, आणि खोली होती तेवढीच गरम. तिसऱ्या दिवशी कूलर बाल्कनीत गेला आणि पुढे त्यात कांदे-बटाटे ठेवत. मग एसी आला, आणि एसीचं बिल आलं. मुंबईत गारवा विकत घ्यावा लागतो. इथे पाणी ओतावं लागतं. (पाणी असलं तर. त्याकडे येतो पुढे.)

आकड्यांच्या भीतीचा आणखी एक किस्सा. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश अशी बातमी झळकली. अर्ध्या तासात दादाचा फोन, वहिनींचा फोन, मावशीचा फोन. मावशी तर रडायच्या बेतात होती. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिला सांगितलं, छप्पन्न आहे म्हणे. ती म्हणाली, "बाप्पा! मंग आपण जित्ते कसे?" तिचा प्रश्न हवामान खात्यालाही पडला असणार, कारण नंतर त्यांनी जाहीर केलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातल्या दुसऱ्या केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं. ४४ म्हणजे आमच्याकडे मे महिना.

आणि याच्या उलट बाजूची गोष्ट मला लिहायलाही जड जाते. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम, मोकळं मैदान, डोक्यावर छप्पर नाही, लाखो माणसं तासन् तास उन्हात. १४ माणसं गेली. त्या दिवशी तिथे तापमान होतं ३८ च्या आसपास. विदर्भात एप्रिलमध्ये ३८ ला कुणी दुपट्टासुद्धा बांधत नाही. ती माणसं आकड्याने गेली नाहीत, सावली नसल्यामुळे आणि हवेतल्या ओलीमुळे गेली. समुद्र तिथून काही फार लांब नव्हता.

तरीही ऊन म्हटलं की विदर्भ. आमचं सरकारसुद्धा बघा. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षाचं एक अधिवेशन नागपुरात होतं, ते घेतात डिसेंबरात. हुरडा, संत्री, गुलाबी थंडी, "वा, काय हवा आहे तुमच्याकडे!" मे महिन्यात एक आठवडा घ्या म्हणावं. निदान कूलर कसा भरतात ते तरी कळेल. इंग्रजही काही कमी नव्हते म्हणा, नागपूर राजधानी आणि उन्हाळा आला की सगळं दफ्तर पचमढीला. असो.

आता समुद्राच्या हवेबद्दल. ती असते, मी नाही म्हणत नाही. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची येते. निसर्ग ती सगळ्यांना सारखी वाटतो. पुढचं वाटप बिल्डर करतो. पहिली पाच वर्षं मी काळाचौकीला एका खोलीत सहा जणांत राहिलो. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, आणि खोलीत वारा म्हणून यायचा तो शेजारच्या गिरणीच्या बंद आवारातला, धूळ घेऊन. पुढे मीरा रोड. तिथे खिडकीतून पलीकडच्या बिल्डिंगचे पाइप दिसायचे आणि तिथल्या काकूंच्या फोडणीला मला शिंका यायच्या. दादाच्या कांदिवलीच्या अकराव्या मजल्यावर सुरुवातीला खरंच वारा होता. मग पश्चिमेला चोवीस मजल्यांची इमारत उभी राहिली. त्या इमारतीच्या जाहिरातीत वाऱ्याचे पैसे वेगळे लावलेले होते, 'सी व्ह्यू' या नावाने. म्हणजे दादाचा वारा पुढच्या बिल्डरने विकला, आणि दादा मला सांगतो समुद्राची हवा!

२०२४ साली कोस्टल रोड सुरू झाला. समुद्राला लागून, देखणा. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. बेस्टची बस आहे, ती त्यातल्या त्यात दिलासा. पण मुंबईत समुद्रावर हक्क कुणाचा, हे इतकं स्पष्ट त्याआधी कुणी लिहून दिलं नव्हतं.

आणि ही हवा रोज येते असंही नाही. मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोरात असले की ती दुपारी उशिरा पोहोचते, आणि तोवर मुंबईचा पाराही ३८-३९ वर जाऊन बसतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारे मंदावले आणि बांधकामाची सगळी धूळ शहरावरच बसून राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात तर उच्च न्यायालयाला मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या २०२२-२३ च्या हिवाळ्यात आई दादाकडे होती.

हेच मला खरं सांगायचं आहे.

बाबा गेल्यावर इथे ती एकटीच होती, म्हणून २०२२ च्या जूनमध्ये आम्ही तिला कांदिवलीला नेलं. सात महिने राहिली. दादा-वहिनींनी तिचं काही कमी केलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. तिला वेगळी खोली दिली, नातवाने स्वतःचं टेबल हॉलमध्ये हलवलं. मी दर रविवारी मीरा रोडहून जायचो. दर रविवारी ती थोडी लहान झालेली वाटायची.

पहिल्या महिन्यात तिने मिठाची बरणी माझ्यापुढे धरली. मिठाला पाणी सुटलं होतं. मुंबईत पावसाळ्यात सुटतंच, त्यात तांदूळ टाकतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणाली, "जिथं मिठाले पाणी सुटते, तिथं माणसाचं काय होईन रे?" मी हसलो. मग तिने भिवापूरहून आणलेले पापड मऊ पडले, सरगुंड्यांना वास लागला आणि डब्यातल्या मिरचीला पांढरी बुरशी आली. ही तिची स्वतः निवडलेली, गच्चीवर तीन उन्हं दिलेली मिरची. मिरची फेकताना मी तिचा चेहरा पाहिला आहे. दादा, तू तेव्हा ऑफिसात होतास.

ऑक्टोबर आला. लख्ख ऊन पडलं. तुमची ती ऑक्टोबर हीट. आईला वाटलं, चला, आता ऊन आलं. तिने मुंगवड्यांची डाळ वाटली आणि परात घेऊन लिफ्टने गच्चीवर गेली. गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरीने दोन दिवस घातल्या तिने मुंगवड्या, तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर कागद लागला, 'गच्चीवर खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत, कबुतरे येतात.' नाव नव्हतं कुणाचं. पण त्या सोसायटीत मुंगवड्या घालणारी बाई एकच होती. तिला कागद वाचता येतो. ती परात घेऊन खाली आली आणि नंतर सात महिने संपेपर्यंत पुन्हा गच्चीचं नाव काढलं नाही.

डिसेंबरात तिची हाडं दुखायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि काय निघालं? ड जीवनसत्त्व कमी! ७४ वर्षं भिवापूरच्या उन्हात काढलेल्या बाईला सहा महिन्यांत उन्हाची कमतरता झाली, तीही वर्षातले आठ महिने ऊन असलेल्या शहरात. आता डॉक्टर म्हणतील हे आधीचंही असू शकतं, आणि असेलही. पण आठवड्याला एक पुडी दुधातून, उन्हाची पुडी, आणि खिडकीबाहेर ऊन रणरणतंय, हे मला त्या रविवारी फार विचित्र वाटलं. खिडकीला काळी काच होती. एसीच्या बिलासाठी.

मुंबईत ऊन नाही असं नाही हो. ऊन ठेवायला जागा नाही. इथे आमच्या घरामागे ऊन ठेवायला आंगण आहे, गच्ची आहे, आणि गावाबाहेर तर सातरेच आहेत. बाहेरगावच्या मंडळींनी सातरा पाहिला नसेल. मिरची निवडायची, देठ खुडायचे आणि वाळवायची ती मोकळी जागा म्हणजे सातरा. हंगामात सकाळपासून बायांच्या रांगा बसलेल्या असतात आणि समोर लाल रंग नजर पोहोचेल तिथवर. त्या बायांच्या हाताची आग रात्रभर जात नाही, त्याचं मला कौतुक सांगायचं नाही. पण ऊन इथे कामाला येतं. ते आमचं भांडवल आहे. दोन दिवस ढग आले की सातरेवाल्याचा चेहरा पाहा.

मुंबईतही उन्हाचं भांडवल करणारी माणसं होती आणि आहेत. वरसोव्याला एकदा सकाळी गेलो होतो. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या आणि त्यावर बोंबील, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले, हजारो. एक कोळीण मावशी ते उलटे करत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे मिरची अशी वाळवतात. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला कळेल. त्यांना कळत नाही," आणि मागच्या टॉवरकडे हात केला. टॉवरमधल्यांना वासाचा त्रास होतो म्हणे. समुद्र बघायला आले आणि समुद्राचा वास नको! सगळ्या मुंबईत समुद्र आणि ऊन दोन्ही खऱ्या अर्थाने वापरणारी माणसं ती, आणि त्यांच्याच वाळवणाच्या जागा आक्रसत चालल्यात. माझ्या आईला नोटीस लावणारी सोसायटी आणि तो टॉवर मला एकच वाटतात.

आता दादा म्हणेल, एवढं वाईट होतं तर २७ वर्षं राहिलास कशाला? बरोबर आहे. मला मुंबईने पोटाला दिलं. गावात माझं आडनाव विचारून झाल्यावर लोक माझ्याशी कसं वागायचं ते ठरवायचे, तिथे २७ वर्षांत लोकलमध्ये कुणी आडनाव विचारलं नाही. तिथे मुली रात्री अकराला एकट्या घरी येतात. आणि समुद्र! १९९६ साली पहिल्या रविवारी गिरगाव चौपाटीवर गेलो आणि चार तास बसून राहिलो. खिशात चाळीस रुपये होते आणि समोरच्या एवढ्या मोठ्या गोष्टीचे कुणी पैसे मागत नव्हतं. पुढे कितीतरी रविवार मी तिथे काढले. नोकरी जायच्या बेतात होती तेव्हाही तिथेच जाऊन बसलो होतो. तो समुद्र मला अजून आठवतो, कधी कधी रात्री झोप लागत नाही तेव्हा. हे सौ.लासुद्धा सांगितलेलं नाही. आज वाचेल. पण मी तेव्हा ऐन तिशीच्या आतला होतो आणि चर्नी रोडला उतरून चालत जाऊ शकत होतो. आईने सात महिन्यांत समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा मार्वेला, रिक्षाने, आणि एकदा तर भरतीमुळे लांबूनच.

आमच्या बाजूचंही लपवत नाही. कोरडं ऊन दयाळू आहे असं कुणी म्हणू नये. डोक्यावर घेऊन काम करणाऱ्याला ते मारतं. पाणी संपलं की घाम संपतो, आणि मग ओलं फडकं नि कोरडं फडकं एकच. बांधकामावरचे, तेंदूपानं तोडणारे, रस्त्यावर डांबर टाकणारे, यांना कडुनिंबाखाली जा म्हणणारा मी कोण? नागपूर विभागासाठी उष्माघाताचा कृती आराखडा २०१६ साली झाला, तो काही हौस म्हणून झाला नाही. मे महिन्यात इथे वीज जाते, आणि वीज गेली की माझ्या कूलरचं सगळं विज्ञान बंद पडतं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा कूलरला घालायचं की प्यायचं हा हिशेब असतो. आई कूलरखाली आहे आणि तिला पाणी भरून देणारी सून घरात आहे, म्हणून मी हे ऐटीत लिहू शकतो. (पाणी सौ. भरते. मी लिहितो.)

आणि एक गोष्ट दादाने अजून म्हटलेली नाही, ती मीच म्हणतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रात्री दीडला आईला दम लागला. ओठ निळे दिसायला लागले. गाडीत घातलं. पाऊस, समोर ट्रक, वायपरने काही दिसत नव्हतं. उमरेडला थांबलो, तिथे ऑक्सिजन लावला आणि पुढे न्या म्हणाले. नागपूरच्या दवाखान्यात पोहोचायला दोन तासांच्या वर गेले. त्या रस्त्यावर मी समुद्राच्या नावाने एकही विनोद केला नाही. कांदिवलीला दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तिथे असती तर ते दोन तास तिच्या वाट्याला आले नसते. या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. असल्याचा आवही आणत नाही.

पण दादा, मग हे बोल ना! दवाखाना म्हण. मला काळजी वाटते म्हण. रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो म्हण. ते मला लगेच कळेल. तू ऊन म्हणतोस, समुद्राची हवा म्हणतोस, आणि त्याच दमात घराला गिऱ्हाईक आलंय म्हणतोस. उन्हाच्या नावावर घर विकायचं हे मला पटत नाही. घर विकून येणाऱ्या पैशात कांदिवलीत स्वयंपाकघराएवढीही जागा येत नाही, हे तुलाही माहीत आहे. आणि विकलं की आईला परत यायला जागा उरत नाही. मुंबई चांगली की भिवापूर चांगलं हा वाद आपण जन्मभर घालू, मला आवडतो तो. पण त्यात तिचं परतीचं तिकीट फाडू नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे. दवाखान्याची भीती खरी आहे, तर दवाखाना नागपुरातही आहे. मे आणि जून, आणि पावसाळ्यातले दोन महिने, नागपुरात दोन खोल्या भाड्याने घेऊ. सौ. आणि आई तिथे राहतील, मी ये-जा करीन. दादा, तू एसीसाठी वर्षाला जे बिल भरतोस त्याच्या निम्मे दे, निम्मे मी घालतो. ऑक्सिजनचं यंत्र घरात आणून ठेवू, त्याला इन्व्हर्टर जोडू. आणि जानेवारीत, जेव्हा मुंबईची हवा खरंच छान असते, तेव्हा मी स्वतः तिला पंधरा दिवस तुझ्याकडे आणतो. परतीचं रिझर्वेशन करून. गिऱ्हाईकाला मी अजून काही कळवलेलं नाही. कागदावर तिघांच्या सह्या लागतात, त्यातली माझी या वर्षी होणार नाही.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती मध्येच उठून गच्चीवर गेली, मिरची हलवायला. खाली आल्यावर विचारलं, तुला काय वाटते? ती म्हणाली, "त्याले म्हणा, तूच ये. मीच काहून जाऊ दरवेळी?" मग थोड्या वेळाने, "पण समुद्र पाहाले नेजो. त्या दिवशी लांबूनच पाहिला."

मिरचीला आज दुसरं ऊन आहे. परवापर्यंत होईल. चार किलो तुमच्यासाठी बाजूला काढतोय. कुणी नागपूरहून येणारं असेल तर कळवा, आणि वहिनी, आल्याबरोबर हवाबंद बरणीत भरा. ओट्यावर ठेवू नका.